टिटवी पाणी पिते

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, एप्रिलच्या उधाणात,
टिटवीला लकडी बंदराच्या चिखलात ओढून घेतली.
मोंबासाहून चोवीस दिवस चालत आलेली
आता कुशीवर पडली होती,
पोटभर बार्नॅकलची खरूज.

मुनाफ मिस्त्रीने फळी न् फळी वाजवली,
बोटाच्या पेराने, कलिंगड घेताना वाजवतात तशी.
एका जागी आवाज बसका आला.
"वहिनी, ही गेली," म्हणाला.
पुढे जाऊन आणखी दोन.
प्रभंजनने वहीत लिहिलं: फळ्या तीन.
नावात वादळ असलेला हा माणूस
खर्च लिहिताना अगदी पडल्या वाऱ्यासारखा असतो.

घरी, माझगावला, फरशी हलत नाही.
पहिला आठवडा मी तिच्यावर विश्वासच ठेवला नाही.
कप ओल्या फडक्यावर ठेवायची,
दूध अर्ध्या पातेल्याच्या वर घेतच नव्हते.
पहाटे तीनला पाळी लागल्यासारखी जाग.
बाल्कनीतून पाहिलं तर समोर हिरवा दिवा,
हिरवा, म्हणजे वाट त्याने द्यायची.
औषधांच्या दुकानाचा क्रॉस.
मी निर्धास्त झोपले.

मे महिना धक्क्यावरच गेला.
शेजारी एक जहाज तोडत होते, आमचं सांधत होते,
दोन्हीकडे हातोडे, दोन्हीकडे तोच चहावाला.
कापसाची वात फटीत ठोकायची, वर राळ, वर तेल,
संध्याकाळी केस धुतले तरी उशीला राळेचा वास.
शीड सोसायटीच्या गच्चीत पसरलं
तर तिसऱ्या मजल्यावरच्या सुळेबाई विचारत आल्या,
मांडव कुणाकडे आहे?
उन्हाने खाल्लेला दोरा उसवत, नवा घालत
मी उकिडवी बसलेली,
सुईखाली मिठाचे दाणे करकरत होते.
कुठल्या समुद्राचं मीठ, कोण सांगणार.

तिसरी फळी उचलली
आणि पठाणाजवळच्या सांदीत
मूठभर लवंगा सापडल्या, काळ्या, तेलकट.
झांजिबारच्या.
चार महिने आम्ही या लवंगांवरून भांडलो होतो:
मी म्हणायची, दुकानदाराने कमी दिल्या,
तो म्हणायचा, तूच सांडल्यास.
मिस्त्रीने एक हुंगली आणि दाढेखाली धरली.
"कालपासून ठणकत होती," म्हणाला.
प्रभंजन माझ्याकडे बघितलासुद्धा नाही.
रात्री वही उघडली तर फळ्यांच्या खाली एक ओळ:
लवंगा, जमा.
आणि त्याखाली, बारीक अक्षरात,
गुडघा. डॉक्टर. बघू.

पुढच्या उधाणाला ती पाण्यात उतरली
आणि तीन ठिकाणांहून गळू लागली.
मला रडूच येणार होतं.
मिस्त्री बिडी पेटवत होता.
"पिऊ दे तिला. महिनाभर उन्हात होती.
लाकूड पाणी प्यायलं की फुगेल,
फुगलं की आपलं आपण मिटेल.
तोवर उपसा."

तर ती रात्र बोटीवरच.
समुद्र आटवायला निघाली होती म्हणे ती टिटवी,
नाव ठेवताना आम्ही त्यावर हसलो होतो.
पहिल्या तासाला पंपाचे एकशे चाळीस दांडे.
मग नव्वद.
मग बहात्तर.
मग पुन्हा अठ्ठ्याऐंशी, आणि दोघेही गप्प.
भाऊच्या धक्क्यावरचे दिवे, बर्फाच्या गाड्या,
कुणीतरी कुणाला तरी आईवरून शिव्या देत होतं,
प्रेमाने असावं.

पहाटे मतलई वारा सुटला, जमिनीचा, डिझेलचा, पावाच्या भट्टीचा.
नव्या टाक्यांची परीक्षा म्हणून शीड अर्धंच चढवलं.
दिवाळीनंतर सेशेल्स, असं ठरलंय.
म्हणजे ठरलं होतं.
त्यावर आज काही बोललो नाही,
आज फक्त करंजापर्यंत, आणि परत.

तो सुकाणूवर, दुखरा पाय लांब केलेला.
मी खाली, पंपाशी.
"किती?" त्याने वरून विचारलं.
"चाळीस," मी म्हटलं.
एकेचाळीस होते.